गावाचे फोटो सपाट यायचे, त्याची गोष्ट

ठाण्याहून मुरबाडकडे मामाच्या गावी माझी महिन्यातून एक फेरी असते. दर वेळी शंभरेक फोटो काढायचे आणि परत येताना एसटीत बसून पुसायचे. डोंगर, शेत, आभाळ, गुरं, सगळं एकाच चौकटीत कोंबलेलं. खापर फोनवर.

गेल्या पावसाळ्यात झड लागली, बाहेर पडताच येईना. मामीच्या चुलीपाशी बसून राहिलो. कौलांत एक काच बसवलेली आहे; मध्येच ऊन डोकावलं की तिच्यातून उजेडाचा पट्टा उतरायचा, धुरात लख्ख दिसायचा. फोटोत मात्र सगळं पांढुरकं. अंधार दिसला की फोन आपणहून उजळ करतो ना! मग स्क्रीनवर त्या पट्ट्यावरच बोट टेकवलं आणि एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, खाली ओढलं. भिंत काळोखात गेली, निळी बादली आणि गॅसची टाकी गायब. उरला मामीचा हात आणि तव्यावरची भाकरी.

"अरे, माझं तोंड कुठंय यात?" मामी.

दुसऱ्या दिवशी भाताची आवणी. ग्रिड, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडणाऱ्या रेषा, सुरू केलं, बांधावर उकिडवा बसलो आणि क्षितिज वरच्या आडव्या रेषेवर नेलं. खालच्या दोन भागांत नुसतं पाणी, त्यात वाकलेल्या बायांची प्रतिबिंबं. झूम बंद, चिखलातून चालत जवळ. एक चप्पल तिथंच रुतली.

आता फेरीला दहा-बारा फोटो निघतात. मामीचा तोंडासकटचा अजून राहिलाय.