युरोपच्या थंडीत पोटाची सोय

पुण्यातून निघताना बॅगेत पेढे, तूप, दूध पावडर भरू नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर ते काढून घेतात. उपम्याचं कोरडं मिश्रण न्या. फोडणी तुपाऐवजी तेलाची करा आणि बारीक रवा खमंग भाजा. एक वाटी मिश्रणाला दोन वाट्या उकळतं पाणी, झाकून दहा मिनिटं. गडबड होते ती डब्यामुळे: गार स्टीलचा डबा पाण्याची धग खातो, रवा कच्चट राहून गुठळ्या होतात. म्हणून डबा आधी गरम पाण्याने विसळून घ्या.

जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच ब्रेड, फळं घ्या. अडलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनवरची दुकानं उघडी असतात.

नाताळच्या बाजारात ग्लूवाइन म्हणजे मसाल्याची गरम वाइन. दारू नको असेल तर किंडरपुन्श मागा. पेयाच्या कपासाठी घेतलेलं डिपॉझिट कप परत केल्यावर मिळतं. शाकाहारी असाल तर भाजलेले चेस्टनट बिनधास्त खा, पण भाजीचं सूपही मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचाराच.

पॅरिसमध्ये रेस्टॉरंटात जेवताना ‘कराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट मिळतं. थंडीत तहान जाणवत नाही, तरी पीत राहा.