ग्लूटेनमुक्त पिठे आणि बेकिंगचे साहित्य: खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

ग्लूटेनमुक्त, म्हणजे गहू-बार्लीसारख्या धान्यांतले ग्लूटेन हे चिवट प्रथिन टाळून केलेले, बेकिंग शिकू लागलेल्या बहुतेकांची पहिली खरेदीच सर्वांत महाग पडते आणि माझीही तशीच पडली होती. हाताशी असलेल्या तीन पाककृतींमध्ये मिळून नऊ पिठांची नावे होती, म्हणून मी नऊही पाकिटे एकदम आणली, प्रत्येकातले थोडे थोडे वापरले आणि उरलेली कपाटात लावून ठेवली. अडीच महिन्यांनी बदामाच्या पिठाचे पाकीट उघडले तेव्हा त्याला जुन्या तेलासारखा वास येत होता आणि बाजरीचे पीठ जिभेवर ठेवताच कडू लागले. त्या दिवसापासून मी पिठांच्या नावांपासून नव्हे, तर येत्या महिन्यात घरात नेमके काय भाजले जाणार आहे, तिथपासून यादी करायला सुरुवात करते. ज्या घरात महिन्याला दोन केक आणि एखाद्या वेळी बिस्किटे होतात, तिथे चार पिठे पुष्कळ होतात. पाव नियमित करायचा असेल, तरच पाचवे आणि सहावे आणावे.

भावाकडे वळण्याआधी शुद्धतेचा प्रश्न सोडवावा लागतो, कारण काटकसर कुठपर्यंत करता येईल हे त्यावरून ठरते. सीलिॲक आजार (ज्यात ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होते) असलेल्या व्यक्तीला गहू, सातू (म्हणजे बार्ली) आणि राय हे गव्हासारखे धान्य यांचा अंशही चालत नाही. डुरम, स्पेल्ट, खपली, रवा, दलिया आणि कुसकुस ही सगळी गव्हाचीच रूपे आहेत, त्यामुळे पाकिटावर ‘मैदाविरहित’ असे कितीही ठळक लिहिलेले असले तरी ती वर्ज्यच समजावीत. ‘गहूविरहित’ हा शब्दही पुरेसा नाही, कारण अशा पदार्थात बार्ली असू शकते. याउलट बकव्हीट म्हणजे कुट्टू याच्या इंग्रजी नावात गहू असला तरी त्याचा गव्हाशी संबंध नाही, आणि ‘ग्लुटिनस राइस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चिकट तांदळातही ग्लूटेन नसते. ज्यांनी अजून तपासणी केलेली नाही, त्यांनी ग्लूटेन बंद करण्याआधी ती करून घ्यावी, कारण आहारातून ग्लूटेन गेल्यानंतर रक्ताच्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात एका किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये. हा आकडा किती लहान आहे ते एका ढोबळ हिशेबातून दिसते. गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा असतो आणि त्यात सुमारे दहावा हिस्सा ग्लूटेन धरले, तर एका दाण्यात 4 मिलिग्रॅम होते. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे मिसळले की मर्यादा गाठली गेली. हा हिशेब एकदा कळला की सुट्या पिठाच्या पिंपात बुडवलेल्या सामाईक पळीकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. ज्यांना वैद्यकीय कारण नाही आणि केवळ गहू कमी करायचा आहे, त्यांनी सुटे पीठ निर्धास्तपणे घ्यावे. ज्यांना आजार आहे, त्यांनी पीठ सीलबंद आणि प्रमाणित घ्यावे किंवा अख्खे धान्य घेऊन स्वतः दळावे.

अख्खे धान्य हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मार्ग आहे. तांदूळ, ज्वारी, नाचणी, मका, राजगिरा ही धान्ये स्वभावतःच ग्लूटेनमुक्त असतात. त्यांचे पीठ करून आरोग्यपदार्थांच्या फळीवर ठेवले की त्यांचा भाव चढतो, परंतु तेच धान्य साध्या किराण्यात मात्र जमिनीवर असते. शिवाय पिठातली भेसळ डोळ्यांना दिसत नाही, तर धान्यातली दिसते. मी एका वेळी दोन मुठी ज्वारी पांढऱ्या ताटात पसरते आणि बोटाने एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकवत जाते. ज्वारीच्या गोल, फिकट दाण्यांमध्ये गव्हाचा लांबट, मधोमध चीर असलेला दाणा चटकन ओळखू येतो. निवडून झाल्यावर धान्य दोन पाण्यांनी धुवावे, म्हणजे दाण्यांना चिकटलेली गव्हाची धूळ निघून जाते, आणि कापडावर पसरून पूर्ण कोरडे होईपर्यंत वाळवावे. सार्वजनिक गिरणीचा मोह मात्र आजार असलेल्यांनी टाळावा. आधी गहू दळून गेलेल्या जात्यात तुमच्या धान्याचे पहिले दोन किलो म्हणजे त्या जात्याची साफसफाई असते.

घरच्या मिक्सरच्या लहान भांड्यात एका वेळी दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त धान्य घालू नये, मध्ये थांबून भांडे गार होऊ द्यावे आणि दळलेले पीठ बारीक चाळणीतून चाळून वरचा चोथा पुन्हा दळावा. तांदळाच्या बाबतीत एक पायरी वाढवली तर मोठा फरक पडतो: तांदूळ चार-पाच तास भिजवून, निथळून, हाताला दमट लागतील इतपत सुकवून दळले, तर पीठ कोरड्या दळणापेक्षा बरेच मऊ होते. ते नंतर पसरून पुरते वाळवले नाही तर मात्र त्याला बुरशी येते. कोरड्या दळणाचे पीठ वापरायचे असल्यास केकचे मिश्रण भट्टीत घालण्यापूर्वी अर्धा तास झाकून ठेवावे. तेवढ्या वेळात तांदळाचे कण पाणी पितात आणि तयार केकमध्ये दाताखाली कचकच लागत नाही.

आता स्टार्च. नुसत्या धान्याच्या पिठाचा केक जड होतो, म्हणून त्यात मक्याचे, टॅपिओकाचे (कसावा या कंदाचे) किंवा बटाट्याचे स्टार्च मिसळावे लागते, आणि इथे नावांचा गोंधळ पैसेही घालवतो व पदार्थही बिघडवतो. मक्याचे पिवळसर पीठ म्हणजे अख्खा दाणा दळलेला, तर कॉर्नफ्लोअर या नावाने मिळणारी पांढरी, बोटांत चोळल्यावर करकरणारी पूड म्हणजे केवळ स्टार्च. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. ऑस्ट्रेलियात तर ‘व्हीटन कॉर्नफ्लोअर’ या नावाने चक्क गव्हाचे स्टार्च विकले जाते, त्यामुळे नावावर न जाता घटकांची ओळ वाचणे हाच उपाय. बटाट्याचे स्टार्च आणि बटाट्याचे पीठ यांतही तसाच फरक असतो. पीठ शिजवलेल्या बटाट्याचे असते आणि इतके पाणी शोषते की केकचा लगदा होतो. टॅपिओकाचे स्टार्च महाग वाटल्यास त्याच कंदापासून केलेला साबुदाणा मिक्सरमध्ये पूड करून, दोनदा चाळून वापरता येतो. साबुदाणा करताना दाणे उष्णतेने अर्धवट शिजतात, त्यामुळे ही पूड तयार स्टार्चपेक्षा थोडे अधिक पाणी मागते, एवढे लक्षात ठेवावे.

माझे नेहमीचे मिश्रण एका किलोसाठी असे आहे: तांदळाचे बारीक पीठ 400 ग्रॅम, ज्वारीचे 300 ग्रॅम, टॅपिओकाचे स्टार्च 150 ग्रॅम आणि मक्याचे स्टार्च 150 ग्रॅम. एका मोठ्या डब्यात घालून, झाकण लावून दोन मिनिटे हलवले की झाले. पाककृतीत मैदा ग्रॅममध्ये दिला असेल तर तेवढ्याच वजनाचे हे मिश्रण घ्यावे. वाटीने मोजू नये, कारण एका कपात मैदा सुमारे 125 ग्रॅम बसतो, तर तांदळाचे पीठ 150 ग्रॅमच्या आसपास, आणि याच फरकामुळे नवशिक्याचा केक कोरडा होतो. साधा वजनकाटा ही या सगळ्या खरेदीतली अशी एकच वस्तू आहे, जिच्याबाबत मी काटकसर सुचवणार नाही.

भाव पडताळताना बहुतेक लोक किलोचा दर काढतात. पाकिटे 400, 454 आणि 500 ग्रॅमची असल्याने ते आवश्यकही आहे, परंतु त्यावर थांबले तर फसगत होते. ग्लूटेनच्या जागी पीठ बांधून ठेवणाऱ्या झँथन गम या पुडीचे उदाहरण घ्या. त्याचा किलोचा दर पाहून हातातले पाकीट परत ठेवावेसे वाटते, पण त्याचा एक छोटा चमचा केवळ 3 ग्रॅमच्या आसपास भरतो आणि कपभर पिठाच्या केकला अर्धा चमचा पुरतो, म्हणजे 100 ग्रॅमच्या पाकिटात साठाहून अधिक कप पिठाचे काम निघते. बदामाचे पीठ याच्या अगदी उलट आहे, कारण ते एका केकलाच 200 ग्रॅम लागते. म्हणून हिशेब किलोचा न करता तयार केकचा करावा: त्या केकमध्ये त्या वस्तूचे किती ग्रॅम जातात आणि तेवढ्याची किंमत काय होते, हे वहीच्या एका पानावर मांडले की कुठे हात आखडायचा ते आपोआप दिसते. माझ्या वहीत तरी दरवेळी गम नव्हे, सुका मेवा दोषी ठरला.

गम अजिबातच नको असेल तर पावासाठी इसबगोलाचे साल उत्तम काम करते. पिठाच्या वजनाच्या सुमारे 5 टक्के साल आधी पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवले की त्याची घट्ट जेली होते आणि ती फुगणाऱ्या पिठाला हवा धरून ठेवायला मदत करते. केकला आणि बिस्किटांना जवसाची पूड पुरते. एक मोठा चमचा पूड तीन चमचे पाण्यात भिजवून घ्यावी. जवस अख्खे आणून लागेल तसे दळावे, कारण दळलेले लवकर खवट होते.

बदामाच्या पिठाला पर्याय म्हणून सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया दळून वापरता येतात आणि चवीतही ते फारसे कमी पडत नाही. फक्त पहिल्यांदा कोणी सांगितले नाही तर धक्का बसतो. मी भाजलेली बिस्किटे दुसऱ्या दिवशी कापली तेव्हा आतून शेवाळासारखी हिरवी निघाली आणि मी सगळी टाकून दिली. तो बुरशीचा प्रकार नव्हता. बियांमधील क्लोरोजेनिक आम्लाचा खाण्याच्या सोड्याशी संयोग होऊन हा रंग येतो आणि तो निरुपद्रवी असतो. सोडा कमी करून चमचाभर लिंबाचा रस घातला की रंग बऱ्याच अंशी टळतो.

बाकीच्या साहित्यात जागोजागी खर्च करण्याची गरज नाही. साखर, लोणी, अंडी, कोको, खाण्याचा सोडा, बेकिंगचे यीस्ट या गोष्टी साध्याच घ्याव्यात. ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिलेल्या साखरेसाठी जादा पैसे मोजणे म्हणजे केवळ छपाईचे पैसे देणे होय. सावध राहायचे ते बेकिंग पावडरबद्दल, कारण तिच्यात भर म्हणून कधी कधी गव्हाचे स्टार्च असते. ती घरीच करावी: एक भाग खाण्याचा सोडा, दोन भाग क्रीम ऑफ टार्टार (एक आंबट पांढरी पूड) आणि एक भाग मक्याचे स्टार्च. मात्र ही पावडर ओली होताच काम सुरू करते, म्हणून मिश्रण अर्धा तास मुरवायचे असेल तेव्हा ती शेवटी घालावी. माल्टचा अर्क, माल्टयुक्त चॉकलेट आणि बिअरपासून उरलेले ब्रुअर्स यीस्ट यांत बहुधा बार्ली असते, तेव्हा ती घेऊ नयेत.

तयार ग्लूटेनमुक्त मिश्रण कधीच घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. वर्षातून दोनदा पाहुण्यांसाठी केक करणाऱ्याला चार पिठे आणून उरलेली सांभाळण्यापेक्षा एक पाकीट स्वस्त पडते. घेताना घटकांत पहिले नाव स्टार्चचे आहे की धान्याचे, हे पाहावे. पहिली दोन्ही नावे स्टार्चची असतील तर तुम्ही धान्याच्या भावाने पांढरी पूड विकत घेत आहात. त्यात गम आधीच घातलेला असल्यास वरून पुन्हा घालू नये, नाहीतर केक रबरासारखा होतो.

घाऊक खरेदी करायची असेल तर ती पांढऱ्या तांदळाच्या पिठाची आणि स्टार्चांची करावी, कारण कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ती वर्षभर सहज टिकतात. बाजरी, बदाम, हातसडीचा तांदूळ आणि जवस यांत तेल असते, म्हणून ती थोडी आणावीत किंवा फ्रीझरमध्ये ठेवावीत. बाजरीचे पीठ तर बाहेर पंधरा दिवसही धड राहत नाही. दोन-तीन कुटुंबांनी मिळून मोठे पोते घेतल्यास वाटणी नव्या पिशव्यांत आणि अशा ओट्यावर करावी, जिथे त्या दिवशी कणीक मळलेली नाही. प्रत्येक डब्यावर पीठ उघडल्याची तारीख लिहावी.

भांड्यांपैकी स्टीलची पातेली आणि काचेचे साचे स्वच्छ घासून वापरता येतात, परंतु चाळणी मात्र वेगळीच हवी. तिच्या जाळीत आणि कडेच्या दुमडीत अडकलेला मैदा कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही. लाकडी पोळपाट-लाटणे, घासून चरे पडलेला साचा आणि टोस्टर यांचेही तसेच आहे. नवी चाळणी आणताना तिच्या दांड्याला रंगीत दोरा बांधावा आणि ती घरातल्या इतर चाळण्यांपासून दूर, ग्लूटेनमुक्त पिठांच्या डब्यातच ठेवावी.