बारशासाठी घरी शिवलेलं झबलं

नात्यात बाळ झालं की बारशाला कपड्यांचा ढीग येतो. त्यातले बहुतेक तान्ह्या बाळाच्या मापाचे असतात आणि महिना-दीड महिन्यात तोकडे होतात. जाळीचे, टिकल्यांचे फ्रॉक फोटोपुरते एकदा अंगावर चढतात. आईच्या हाताशी कायम राहतात ती मऊ सुती झबली, दिवसातून चार-पाच वेळा बदलता येणारी. आत्या, मावशी किंवा आजी म्हणून स्वतःच्या हातचं काही द्यायचं असेल, तर रोज अंगावर पडेल असंच शिवावं. खाली दिलेलं झबलं पुढून उघडं, बंदांचं आणि साधारण सहा महिन्यांपर्यंत पुरणारं आहे. मशीनवर सरळ टीप मारता येत असेल तर एका दुपारी एक झबलं होतं. मशीन नसेल तर बारीक धावदोऱ्यानेही ते छान शिवलं जातं, फक्त वेळ जास्त लागतो.

कापड

सगळ्यात जास्त विचार इथे करावा. मुंबईत वर्षातले बरेच महिने घामाचे, आणि जून ते सप्टेंबर गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे दिवसभर ओलेच राहतात. बाळाचे कपडे तर सतत धुवावे लागतात. त्यामुळे कापड पातळ, घाम टिपणारं आणि पटकन वाळणारं हवं. मलमल सगळ्यात उत्तम. केंब्रिकही चालतं, पण ते दोन-चार धुण्यांनंतरच मऊ पडतं. ब्लाउजला वापरतो ती रुबिया सुती असली तरी तान्ह्या अंगाला मला ती करकरीत वाटते. नायलॉनची लेस, जर, टिकल्या, मणी यांतलं काहीही नको. बटणंही नकोत, कारण तुटलेलं बटण बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

खरेदीला क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारी ते बंद असतं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांनी शनिवार धरावा. दादरला हिंदमाताच्या दुकानांतही सुती कापड भरपूर मिळतं. कटपीस घेतलेत तर स्वस्त पडतो आणि झबल्याला तेवढं कापड पुरतंही. ‘प्युअर कॉटन’ म्हणून सांगितलेलं कापड खरंच सुती आहे का, हे बघायला काठाचा एक धागा ओढून काडीने जाळा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची राख बोटाने चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, एक मीटर कापड घेतलं तर त्यात दोन झबली बसतात, वर पट्ट्या आणि बंदांनाही कापड उरतं. एक नटवं झबलं देण्यापेक्षा अशी साधी दोन-तीन द्यावीत. पावसाळ्यात जन्मलेल्या बाळाच्या आईला त्याची किंमत विचारा!

नव्या कापडापेक्षाही मऊ लागतं ते आजीचं वापरलेलं सुती पातळ, म्हणजे साडी. पहिलं झबलं जुन्या कापडाचं असावं ही आपल्याकडची रीत फार शहाणी आहे, कारण वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेला धागा अंगाला टोचत नाही. मात्र पातळ उजेडासमोर धरून बघा. बसण्याच्या जागी ते विरलेलं असतं, निऱ्यांचा भाग सहसा धड राहतो. कापायचं ते तिथूनच. काठ घ्यायचाच असेल तर खालच्या घेराला घ्या. गळ्याशी आणि बाह्यांना तो जाड होतो.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची. कपाटात डांबराच्या गोळ्यांमध्ये राहिलेलं पातळ तसंच वापरू नका. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. ज्या बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ गंभीर होऊ शकते. बाळाला ही कमतरता आहे का, हे बारशापर्यंत घरात ठाऊक असतंच असं नाही. त्यामुळे असं पातळ वास पूर्ण जाईपर्यंत अनेकदा धुऊन कडक उन्हात वाळवा. वास राहिलाच तर ते पातळ सोडून द्या आणि नवं कापड आणा. शिवून झालेले कपडेही या गोळ्यांत ठेवू नका.

बेतण्याआधी

नवं कापड आधी कोमट पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि शिवल्यानंतर आटलं तर केलेलं माप फुकट जातं.

मलमल कात्रीखाली सरकते. त्यावर सोपा उपाय म्हणजे कापड धुतल्यावर त्याला हलकी कांजी करावी आणि किंचित दमट असताना इस्त्री फिरवावी. कागदासारखं ताठ कापड बेतायलाही सोपं जातं आणि शिवायलाही. कांजी शेवटच्या धुण्यात निघून जाते.

मशीनला ११ नंबरची नवी सुई लावा. बोथट सुई मलमलीचे धागे ओढते. टाका लहान ठेवा, २ मिलिमीटरच्या आसपास. पातळ कापड सुरुवातीलाच सुईबरोबर खाली ओढलं जातं, म्हणून टिपेच्या तोंडाशी कापडाखाली पातळ कागदाचा तुकडा ठेवावा आणि दोन्ही दोरे मागे धरून पहिले टाके मारावेत. कागद नंतर अलगद फाडून टाकता येतो.

माप आणि बेतणं

सहा महिन्यांच्या बाळाची छाती साधारण १७ इंच असते. झबल्याचा घेर आपण २२ इंच ठेवणार आहोत, म्हणजे हात-पाय हलवायला जागा राहते आणि आत वाराही खेळतो.

१. कापडाचा २६ इंच लांब आणि १८ इंच रुंद तुकडा कापा. लांबी उभ्या धाग्यात, म्हणजे काठाला समांतर असू द्या.

२. तुकडा आडवा दुमडा, म्हणजे लांबी १३ इंच होईल. ही वरची घडी खांद्याची. मग डाव्या बाजूला मधली घडी येईल असा उभा दुमडा, रुंदी ९ इंच होईल. आता चार पदर आहेत, ते टाचण्यांनी धरून ठेवा.

३. गळा: वरच्या डाव्या कोपऱ्यातून खांद्याच्या घडीवर २ इंचांवर खूण करा. मधल्या घडीवर मागच्या गळ्यासाठी अर्ध्या इंचावर आणि पुढच्या गळ्यासाठी २ इंचांवर खूण करून दोन गोलाई काढा. चारही पदर आधी मागच्या गळ्याच्या गोलाईवर कापायचे. पुढची गोलाई फक्त पुढच्या दोन पदरांवर कापायची. या घाईत मागचा गळाही खोल कापला जातो, म्हणून खडूने ‘पुढचा’ लिहून ठेवलेलं बरं.

४. बाही आणि बाजू: उजव्या कडेवर वरून साडेचार इंचांवर खूण करा. मधल्या घडीपासून ६ इंच आत आणि वरून ५ इंच खाली काखेची खूण. खालच्या कडेवर मधल्या घडीपासून ७ इंचांवर तिसरी खूण. बाहीच्या खुणेपासून काखेपर्यंत आणि तिथून खालपर्यंत रेघ ओढा. काखेत कोन ठेवू नका, तिथे पसरट गोलाई द्या. कोनात कापड ताणलं जातं आणि तिथेच उसवतं. बाजूला अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड, यात धरलेली आहे.

५. कापून झालं की कापड उघडा आणि पुढच्या भागाची मधली घडी वरपासून खालपर्यंत कापा. मागची घडी तशीच राहते.

खांद्यावर जोड येत नाही हे या बेताचं मोठं सुख आहे. बाळ पाठीवर झोपतं तेव्हा त्याच्या अंगाखाली एकही शिवण येत नाही.

शिवणं

आत धागे सुटे राहू नयेत, हे तान्ह्या बाळाच्या कपड्यात सगळ्यात महत्त्वाचं. लोंबणारा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर काचतो, आणि बाळ का रडतंय हे चटकन कळत नाही. म्हणून बाजूच्या शिवणी दुहेरी करायच्या.

आधी कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावा, म्हणजे सुलट बाजू बाहेर. बाहीच्या तोंडापासून काखेतून खालपर्यंत, काठापासून पाव इंचाहून किंचित कमी अंतरावर टीप मारा. टिपेबाहेरचं कापड निम्मं छाटा. मग झबलं उलटं करा, शिवण नखाने दाबून इस्त्री करा आणि पाव इंचावर दुसरी टीप मारा. कापलेले काठ आता दोन टिपांच्या मध्ये बंद झाले. काखेच्या गोलाईवर मशीन हळू चालवा, कापड ओढू नका.

बाह्यांची तोंडं आणि खालचा घेर दोनदा दुमडून हातशिलाईने तुरपा. मशीनची टीपही चालेल, पण हाताची तुरपाई मऊ राहते आणि लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेही होते.

गळा आणि पुढचे दोन काठ यांना उरेब पट्टी लावायची. उरलेल्या कापडातून तिरप्या धाग्यात, बरोबर ४५ अंशात, सव्वा इंच रुंद पट्ट्या कापा आणि जोडून लांब पट्टी करा. सरळ धाग्याची पट्टी गळ्याच्या गोलाईवर बसत नाही, तिला चुण्या पडतात. पट्टीची सुलट बाजू झबल्याच्या सुलट बाजूवर ठेवून पाव इंचावर टीप मारा. गोलाईवर पट्टी किंचित ताणून धरा, म्हणजे गळा उभा राहत नाही. मग पट्टी आत दुमडून हाताने तुरपून टाका. पट्टी वेगळ्या रंगाची घेतलीत, पांढऱ्या मलमलीला फिकट पिवळी किंवा पोपटी, तर तेवढ्यानेच झबलं देखणं होतं.

बंद त्याच कापडाचे करा, ६ ते ७ इंच लांब आणि पाव इंच रुंद. दोन जोड्या पुरतात: एक छातीवर, एक पोटावर. गळ्याशी बंद लावू नका. एका बाजूचे बंद काठावर आणि दुसऱ्या बाजूचे काठापासून एक इंच आत लावले की पुढचे काठ एकमेकांवर चढतात आणि पोट उघडं पडत नाही. बंद दोनदा उलटसुलट टीप मारून पक्के करा, ओढाताण तिथेच होते.

टोपडं मी मुद्दाम सांगत नाही. बारशाला कुंची हवी असा घरच्यांचा आग्रह असेल तर जरूर शिवा, पण मुंबईच्या हवेत घरात झोपवताना बाळाचं डोकं झाकलेलं नसावं, त्याला उकडतं.

देण्याआधी

झबलं उलटं करून प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवा. टाचणी राहिली नाही ना, गाठ टोचत नाही ना, हे बोटालाच कळतं. सौम्य साबणाने धुऊन, दोन पाण्यांतून काढून, उन्हात वाळवा. नीळ, कांजी, सुगंधी द्रव्य काही नको. सोबतच्या चिठ्ठीवर मूल कोणत्या वयापर्यंत वापरू शकेल ते लिहा, नाहीतर आई ते पहिल्याच आठवड्यात ढगळ म्हणून कपाटात ठेवते आणि नंतर विसरते.

मोठं माप शिवताना मोसम मोजा. जुलैत जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं होईल तेव्हा जानेवारी असेल, तेव्हा बाह्या दोन-तीन इंच लांब ठेवायला हरकत नाही. शिवाय मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण होतं, त्यासाठी याच बेताचं काळं झबलं शिवून ठेवता येतं. काळं कापड मात्र पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळं धुवावं, नाहीतर पहिल्याच घामाला रंग अंगावर उतरतो.

दादा-ताईसाठी

घरात थोरलं भावंड असेल तर त्याच्यासाठी त्याच कापडातलं काहीतरी शिवाच. बारशाच्या दिवशी सगळं कौतुक पाळण्याकडे जात असतं, आणि चार वर्षांच्या ताईला ‘हे तुझ्या बाळाच्या झबल्याचंच कापड’ असं सांगितलं की ती ते मिरवत फिरते. मलमलीला अस्तर लावून तिच्यासाठी परकर सहज होतो. तिच्या आईकडून कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची आणि कमरेचा घेर मागून घ्या. घेराच्या तिप्पट रुंद कापड, वर इलॅस्टिकसाठी नेफा, झाला परकर.

उंचीत ३ इंच जास्त कापड घेऊन खालच्या बाजूला अर्ध्या अर्ध्या इंचाचे तीन टक्स, म्हणजे टीप मारलेल्या आडव्या घड्या, घाला. एक टक्स उसवला की परकर एक इंच लांब होतो. या वयात मुलं वर्षाला साधारण ६ सेंटिमीटर वाढतात आणि ती सगळी वाढ काही पायांत जात नाही, त्यामुळे तीन टक्सांवर दोन वर्षं निघतात. टक्सांची टीप मोठ्या टाक्याची मारा, म्हणजे उसवताना कापडाला भोक पडत नाही.

वर घालायचं पोलकं शिवणार असाल तर गळ्याआधी डोक्याचा घेर मोजा. चार वर्षांच्या मुलांचं डोकं जवळजवळ २० इंच असतं. गळ्याचा घेर त्याहून कमी असेल तर मागे ४-५ इंच उघडं ठेवून प्रेस बटणं लावा, नाहीतर ते डोक्यातून जाणार नाही. मुलगा असेल तर याच मापाने बंडी आणि इलॅस्टिकची चड्डी होते. चड्डीचं माप त्याच्या रोजच्या चड्डीवरून, ती कापडावर पसरून, चारही बाजूंनी एक इंच माया सोडून घेता येतं.