बॅकगॅमन: फाशांवर खापर न फोडता खेळ कसा सुधारावा

१९७९ साली मॉन्टे कार्लोत संगणकशास्त्रज्ञ हान्स बर्लिनर यांच्या संगणक प्रोग्रॅमने बॅकगॅमनचा तेव्हाचा जगज्जेता लुइजी व्हिला याला ७-१ असे हरवले. नंतर डाव तपासून बर्लिनर यांनीच कबूल केले की खेळ व्हिलाचा सरस होता, दाने मात्र यंत्राला चांगली पडली. बॅकगॅमन या फाशांच्या पटखेळात हे रोज होते. त्यामुळे ‘जिंकलो का?’ या प्रश्नाचा सरावाला उपयोग नाही. ‘पडलेल्या दानात सोंगट्या बरोबर हलवल्या का?’ एवढेच तपासायचे. २४ घरे, प्रत्येकी १५ सोंगट्या आणि दोन फासे हे नियम तुम्हाला येतात, असे धरून पुढचे लिहितो.

पायरी १: ३६ दाने मोजा

दोन फाशांची ३६ दाने होतात. ४-१ आणि १-४ वेगळी धरायची, ३-३ एकदाच. आता समोरच्याची सोंगटी तुमच्या एकट्या सोंगटीपासून ६ घरांवर आहे. किती दानांत ती मारेल? कुठल्याही फाशावर सहा पडले की मेलीच, ती ११ दाने. ५-१ आणि ४-२ ची मिळून ४. शिवाय ३-३ आणि २-२. एकूण १७. हेच अंतर ७ असते तर ६-१, ५-२, ४-३ एवढीच, म्हणजे ६ दाने. एका घराने धोका जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतो!

मधली घरे मोकळी असतील तर १ ते ६ अंतरांचे आकडे अनुक्रमे ११, १२, १४, १५, १५, १७. एवढे पाठ करा. सोंगटी एकटी सोडायचीच वेळ आली, तर एकतर अगदी जवळ ठेवा, नाहीतर सहाच्या पलीकडे.

पायरी २: एकच दान घेऊन बसा

घरांचे आकडे आपल्या सोंगट्या जिथून बाहेर पडतात त्या टोकापासून मोजायचे. सुरुवातीची काही दाने सोपी असतात. ३-१ पडले तर आठव्या आणि सहाव्या घरातून एकेक सोंगटी आणून स्वतःचे पाचवे घर धरायचे, यात वाद नाही. ६-१ ने सातवे घर, ४-२ ने चौथे. डोके लागते ते ४-१ ला.

जुने खेळाडू १३ वरून ९ वर येत आणि ६ वरून एक सोंगटी ५ वर ठेवत. पुढच्या वेळी पाचवे घर पक्के करायचा हा डाव. पट मांडून मोजा. समोरच्याच्या दोन सोंगट्या तुमच्या पहिल्या घरात आहेत. पाचव्या घरातली एकटी सोंगटी चार घरांवर, म्हणजे १५ दाने. नवव्यातलीला ६-२ आणि ५-३ लागतात, ती आणखी ४ (४-४ आणि २-२ वरच्या १५ मध्ये आलीच). एकूण १९, निम्म्याहून जास्त. पाचव्यातली मेली तर तिची वीस घरांची चाल फुकट जाते.

आता दुसरी चाल: १३ वरून ९, आणि मागच्या दोनपैकी एक २४ वरून २३ वर. नवव्यातल्या सोंगटीला आता ६-२, ५-३, ४-४, २-२ अशी ६ दानेच लागतात. मागच्या दोन्ही एकट्या पडल्या खऱ्या, पण त्या मेल्या तर एखाद-दुसरे घरच जाते. आयबीएमच्या जेराल्ड टेसॉरो यांनी १९९२ च्या सुमारास टीडी-गॅमन हा प्रोग्रॅम केला. तो स्वतःशीच खेळून शिकला, आणि त्याने हीच चाल पसंत केली. मग मोठ्या खेळाडूंनीही ती उचलली. असे एकेक दान घेऊन तासभर पटाशी झटणे हे घाईघाईने दहा डाव खेळण्यापेक्षा कितीतरी चांगले, असे माझे ठाम मत आहे.

पायरी ३: शर्यत मोजा

प्रत्येक सोंगटीला बाहेर पडायला किती घरे चालावी लागतील, त्याची बेरीज करा. सुरुवातीला दोघांचेही १६७ असतात: २४ व्या घरात दोन, १३ व्यात पाच, आठव्यात तीन, सहाव्यात पाच. एका दानाची सरासरी आठाच्या किंचित वर. म्हणजे आठ घरांची पिछाडी हे एका दानाचे अंतर. पुढे असाल तर सोंगट्या सोडवून पळा, मागे असाल तर अडवून बसा. हे न मोजता खेळणारे निम्मे डाव उलट खेळतात.

पायरी ४: दुपटीचा फासा

या फाशाने डावाची बाजी दुप्पट करायची; समोरच्याने एकतर डाव सोडायचा, नाहीतर दुप्पट घ्यायची, आणि मग फासा त्याच्याकडे जातो. नवखे याला हातच लावत नाहीत, आणि तिथेच सर्वाधिक गमावतात. समोरच्याने दुप्पट केले तर डाव सोडावा की घ्यावा? असे चार डाव धरा. चारही सोडलेत तर ४ गेले. चारही घेतलेत आणि एकच जिंकलात तर २ मिळाले, ६ गेले. पुन्हा ४ च. म्हणून चारातला एक डाव जिंकायची आशा असेल तर दुप्पट घ्यावी. समोरच्याला दुहेरी विजय (तुमची एकही सोंगटी बाहेर पडण्याआधीच त्याने जिंकणे) मिळण्याची भीती असेल तर जास्त आशा हवी.

एकमेकांना मारायची सोय संपून नुसती शर्यत उरली असेल तर सोपा हिशेब आहे. तुमची पाळी आहे, तुमचे १०० उरलेत. समोरच्याचे १०८ असतील तर दुप्पट करा. फासा आधीच तुमच्याकडे असेल तर १०९ ला. त्याने ११२ पर्यंत घ्यावी, त्यापुढे सोडावी.

पायरी ५: यंत्राला विचारा, पण नंतर

जीएनयू बॅकगॅमन हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि तुमची प्रत्येक चाल किती चुकली ते आकड्यांत दाखवतो. खेळून झाल्यावर तीन मोठ्या चुका तेवढ्या घ्या. उत्तर उघडण्याआधी आपली चाल आणि तिचे कारण वहीत लिहा, नाहीतर ‘हो हो, मला माहीतच होते’ असे वाटून जाते. महिनाभराने वही चाळा. बहुतेकांची एकच चूक पुन्हापुन्हा दिसते: काहींची भीतीने सोंगट्या एकाच घरात रचण्याची, काहींची मागच्या दोन सोंगट्या विसरण्याची. पुढचा महिना तेवढ्याच चुकीवर घालवा.

खऱ्या पटावर खेळताना एक सांभाळा. फासे उचलले की पाळी संपली. तोपर्यंत सोंगट्या मागे घेऊन दुसरी चाल करता येते, तेव्हा फाशांना हात लावण्याआधी पटावरून एकदा नजर फिरवा.