रानडुकरांना आवाजाने शेताबाहेर कसं ठेवायचं

पहिल्या रात्री कुठलाही आवाज चालतो. थाळी वाजवा, तेलाचा डबा बडवा, भोंग्यावर वरातीची गाणी लावा, कळप उधळतोच. दुकानदार तुम्हाला तीच पहिली रात्र विकतो. आठवडाभरात तीच डुकरं त्याच भोंग्याच्या पायथ्याशी मका मोडत असतात आणि तुम्ही घरी अंथरुणात भोंगा ऐकत निर्धास्त पडलेले असता. यंत्र कोणतं घ्यायचं हे नंतर बघू. डुकरं आवाजाला सरावू नयेत म्हणून काय करायचं, सगळी गोम तिथे आहे.

हे सगळं जंगलाला लागून असलेल्या विदर्भातल्या वावरांचं आहे. पीक मका, भुईमूग किंवा हरभरा, आणि त्रास रानडुकरांचा. रोह्यांना यातलं थोडंफार लागू पडतं. वानरांना अजिबात नाही. ती दिवसा येतात आणि समोर बसून भोंगा न्याहाळतात. त्यांच्यामागे माणूसच लागतो. गवा किंवा हत्ती आला असेल तर हे वाचणं थांबवा आणि वनविभागाला फोन करा. आवाजाने बिथरलेलं एवढं मोठं जनावर कुणीकडे वळेल, याचा भरवसा नसतो.

काय घेऊ नये

‘माणसाला ऐकू न येणारा’ आवाज काढणारी अल्ट्रासोनिक यंत्रं घेऊ नका. डुक्कर साधारण ४० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतं, आपण २० पर्यंत, म्हणून कागदावर ती पटतात. पण इतका बारीक आवाज हवेत लवकर विरतो आणि तुरीची चार झाडं मध्ये आली की तिथेच अडतो. त्यावर कडी म्हणजे मोबाईलवर उतरवून घेतलेले ‘अल्ट्रासोनिक’ एमपीथ्री. नेहमीच्या एमपीथ्रीत २२-२४ किलोहर्ट्झच्या वरचं काही मावतच नाही आणि साधा भोंगा त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. उंदरांसाठी घरात लावायच्या प्लगवाल्या यंत्रांचीही तीच गत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ साली अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून जास्त जणांना ‘दावे करता तर पुरावा ठेवा’ अशी ताकीद दिली होती. आपल्याकडे ती अजून खपतात.

वाऱ्यावर फिरणारा पंखा आणि त्याला लटकवलेला, ताटावर आपटणारा नट हे जुगाड दिसायला झकास. पण वारा बहुतेकदा अंधार पडल्यावर पडतो आणि डुकरं अंधार पडल्यावर निघतात.

पाइपाची कार्बाइड गन घरात आणूच नका. तिच्यात ॲसिटिलीन वायू पेटतो आणि पाइप फुटला किंवा कोणी आत डोकावलं की डोळा जातो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात किती मुलांचे डोळे तिने घेतले, ते सगळ्यांनी वाचलंय.

सामान आणि जागा

रस्त्यावर भंगारवाले, भाजीवाले वापरतात तसला मेमरी कार्डाचा भोंगा किंवा लहान ॲम्प्लिफायर आणि हॉर्न, फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी, आणि एक पीआयआर मोशन सेन्सर (समोर जनावर हललं की ओळखणारा), रिलेसह (सेन्सरच्या इशाऱ्यावर तार जोडणारा-तोडणारा स्विच). मोबाईल दुरुस्तीवाला जोडून देतो.

वाट शोधा. डुकरं वाटेल तिथून येत नाहीत. धुऱ्यावर पाणी दिल्यासारखी मळलेली जागा, काटेरी तारेच्या खालच्या पदराला अडकलेले राठ केस, जवळच्या झाडाच्या बुंध्याला गुडघाभर उंचीवर घासलेला चिखल, ही त्यांची वाट. दर वाटेला एक भोंगा, असा हिशेब धरा. ‘एकराला एक’ हा दुकानदाराचा हिशेब. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. भोंग्यापासून एक मीटरवर १०० डेसिबल असेल तर उघड्या जागेत दहा मीटरवर ८० उरतो आणि शंभर मीटरवर ६०, म्हणजे दोन माणसं गप्पा मारताहेत एवढाच. उभं पीक त्यातलंही खातं.

भोंगा धुऱ्याच्या आतल्या बाजूला, पिकाच्या शेंड्यांच्या वर बांधा आणि तोंड जंगलाकडे करा. उलटं कधीच नको. मागून आवाज आला की कळप पुढे, म्हणजे पिकातच घुसतो. परतीची वाट मोकळी हवी.

सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर आणि वाटेला आडवा. डुक्कर त्याच्या समोरून आडवं गेलं तर तो चटकन पकडतो, थेट त्याच्याकडे चालत आलं तर उशिरा. त्याचा पल्ला सहा-सात मीटर. पाटीवर पिवळसर-नारिंगी रंगाचे दोन स्क्रू असतात, एक पल्ल्याचा आणि एक वेळेचा. वेळ दहा-पंधरा सेकंदांवर ठेवा, त्याहून जास्त नको. हा सेन्सर अंगाच्या उष्णतेतला फरक ओळखतो, म्हणून उन्हाळी भुईमुगात जमीन तापलेली असताना संध्याकाळी तो आंधळा असतो. रात्र निवली की काम करतो. पावसासाठी वर पीव्हीसी पाइपाचा अर्धा तुकडा पुरतो.

सवय होऊ न देणं

मी सगळ्यात जास्त इथे अडकलो आणि इथेच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात.

पहिला चुकीचा सल्ला: ‘रात्रभर चालू ठेवा.’ रात्रभर वाजणारा आवाज म्हणजे डुकरासाठी ओढ्याचा खळखळाट. शेतात रेडिओ लावून ठेवणाऱ्यांचं हेच होतं. आवाज नसावा, नसावा, आणि डुकराने तारेखाली तोंड घातलं की अचानक यावा. सेन्सर त्यासाठीच. सेन्सर न लावता टायमरवर भोंगा वाजवणाऱ्यांनी निदान ठरावीक अंतराने वाजवू नये. कळप ते अंतर शिकतो.

दुसरा: ‘वाघाची डरकाळी लावा.’ लावू नका. एक तर वाघ शिकारीला येताना डरकाळ्या फोडत येत नाही. दुसरं, ताडोब्याच्या आजूबाजूच्या गावांत रात्री डरकाळी ऐकू आली की सकाळी वनरक्षक, मोबाईलवाले आणि अर्धं गाव तुमच्या वावरात उभं असतं, आणि डुकरांपेक्षा जास्त पीक तेच तुडवतात. बिबट्याच्या भागात कुत्र्याचं भुंकणंही टाळा; कुत्रा हे त्याचं आवडतं खाद्य आहे.

मग लावायचं काय? माणसाचं बोलणं. साधं, नेहमीच्या आवाजातलं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या भागात पाणवठ्यांवर भोंगे लावून केलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिंहांचं गुरगुरणं, बंदुकीचे बार, कुत्री आणि स्थानिक भाषांतल्या माणसांचं बोलणं असे आवाज ऐकवले होते. सिंहाच्या मानाने माणसाच्या बोलण्याला जनावरं पळून जाण्याची शक्यता दुप्पट निघाली. आपल्या जागलीवाल्यांना हे कोणी सांगायला नको. मचाणावरचा म्हातारा रात्रभर खोकतो, बिडी पेटवतो, स्वतःशी बडबडतो, मध्येच कोणाला तरी शिवी हासडतो. तेच भरायचं.

घरातल्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. भांडण उत्तम. फोनवरचं बोलणं, खोकला, मोटरसायकलची किक, डब्याची खणखण, ‘हुर्र हुर्र’, बादली आपटणं. दोन वेगळ्या माणसांचे आवाज असू द्या, एक बाईचा. मध्ये मोठी शांतता ठेवू नका, का ते पुढे येतं. गाणी नकोत, त्यांना एकच ताल असतो.

आता खरी अडचण. नेहमीची जोडणी अशी: सेन्सरने डुक्कर पाहिलं की तो भोंग्याला वीज देतो. बऱ्याच स्वस्त प्लेअरना वीज मिळाली की ते पहिल्या फाईलपासून सुरू होतात. म्हणजे कार्डात पन्नास आवाज भरले तरी डुक्कर दर वेळी पहिलाच ऐकतं. त्यातही काही प्लेअर आधी ‘ब्लूटूथ मोड’ असं त्या चिनी बाईच्या आवाजात सांगतात आणि मग दोन सेकंदांनी खोकला येतो. डुकराला ही ओळख पाठ व्हायला वेळ लागत नाही. कार्ड बदला, भोंगा बदला, काही फरक पडत नाही, कारण सुरुवात तीच राहते.

उपाय तारेत आहे. प्लेअर आणि ॲम्प्लिफायर अंधार पडल्यापासून सतत चालू ठेवा, शफलवर, म्हणजे फायली उलटसुलट क्रमाने. सेन्सरचा रिले बॅटरीच्या तारेत न टाकता ॲम्प्लिफायर आणि हॉर्नच्या मधल्या तारेत टाका. आत रेकॉर्डिंग रात्रभर मुक्याने चालत राहतं आणि डुक्कर आलं की त्या क्षणी जे चालू असेल ते मधूनच बाहेर पडतं: अर्धवट वाक्य, शिवीचा शेवट, बादली. सुरुवात नाही, शेवट नाही. (म्हणूनच शांतता नको; नाहीतर सेन्सर लागायचा आणि भोंगा गप्पच.) आजकालच्या छोट्या ॲम्प्लिफायरना हॉर्न सुटा राहिल्याने काही होत नाही. रात्रभर चालू राहिल्याने बॅटरी जास्त खर्च होते, तेवढी रोज चार्ज करा. आणि फवारणीच्या दिवशी कोणी ती परस्पर पंपात बसवली नाही ना, एवढं संध्याकाळी बघा.

एवढं करूनही दोन-तीन रात्रींनी भोंग्याची जागा हलवा, पाच-सहा मीटर का होईना. आणि अधूनमधून आवाजाच्या पाठोपाठ खरा माणूस जाऊ द्या. एकट्याने नको, दोघांनी, टॉर्च घेऊन, धुऱ्यावरूनच. जखमी किंवा पिल्लांची डुकरीण अंगावर येते. आवाजामागे कधीकधी माणूस निघतो, एवढी शंका कळपाच्या मनात राहिली पाहिजे. नुसता भोंगा ती फार दिवस टिकवू शकत नाही.

सुरुवातही लवकर करू नका. पेरणीपासून भोंगा लावणारे दाणा भरायच्या वेळी हात चोळत बसतात. मक्याची कणसं दुधात आली, शेंगेत दाणा धरला की लावा. तोवर गप्प.

बाकीचं

रोज सकाळी माग बघा. खुरं धुऱ्यापाशी येऊन वळलेली दिसली तर चाललंय. भोंग्यापुढून आत गेलेली दिसली तर त्या रात्रीपासून तो आवाज बंद, जागा बंद. आवाज वाढवू नका, बदला.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. वस्तीजवळ शेत असेल तर हे कोणीही काढू शकतं. बोलण्याएवढा आवाज आणि दहा सेकंदं, यात कोणाची झोप मोडत नाही. तरी शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. तसंही सांगावंच लागतं, कारण तुमच्या वावरातून वळलेला कळप त्यांच्याकडेच जातो. ओळीने चार-पाच जणांनी मिळून लावलं तर उत्तम, फक्त प्रत्येकाच्या कार्डात वेगळी बोलणी हवीत.

सोंगणी झाली की त्याच संध्याकाळी सगळं काढा. रिकाम्या वावरात वाजणारा भोंगा डुकरांना फुकटात शिकवतो. बॅटरी पंपात परत बसवा आणि कार्ड पुसून टाका. पुढच्या हंगामाला नवं भांडण भरायचं.