कंटेनरचं ऑफिस करायचंय? आधी ऊन आणि पाण्याचं बघा

माझं काम ड्रॉइंगचं, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून फॅक्टरीच्या पाइपिंगची ड्रॉइंग्ज काढायची. नवी मुंबईत नेरुळच्या वन बीएचकेमध्ये डायनिंग टेबलवर तीन वर्षं काढली, मग उलव्याच्या बाजूला मामाची जागा होती तिथे वीस फुटी कंटेनर टाकून ऑफिस केलं. आता ओळखीतले बरेच जण विचारतात कसं केलंस, तर एकदा नीट लिहूनच टाकते. आधीच सांगते, फोटोत दिसतं ते लाकडी पॅनेलिंग आणि पिवळे लाइट हे सगळ्यात शेवटचं आणि सोपं काम आहे. हा डबा मालासाठी बनवलाय, माणसासाठी नाही, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस, दोन महिने भाजणारं ऊन आणि बारा महिने खाडीचा खारा वारा. पैसे आधी तिथे घाला.

आपलं नशीब हे की न्हावाशेवा बंदर शेजारीच आहे, त्यामुळे जासई, द्रोणागिरी, उरण रोड, कळंबोली सगळीकडे कंटेनर यार्ड आहेत, स्वतः जाऊन डबा बघून घेता येतो. फोटोवरून अजिबात बुक करू नका. जाताना टॉर्च, टेप आणि एक माणूस बरोबर न्या, आणि शक्यतो भर दुपारी जा. आत जाऊन उभं राहायचं आणि बाहेरच्या माणसाला दोन्ही दारं लावायला सांगायची (तो माणूस हलता कामा नये, ही दारं आतून उघडत नाहीत). मिट्ट काळोखात दोन मिनिटं थांबा, डोळे सरावले की छतात कुठे भोक असेल तर उन्हाची तिरीप आत आलेली दिसते. मी बघितलेल्या दुसऱ्या डब्यात कोपऱ्यात मोहरीएवढा उजेड दिसत होता, बाहेरून त्याच जागेवर नुकताच मारलेला रंग एकदम चकाचक. तो सोडला. दारं बंद असतानाच वासही घ्या, केमिकलचा उग्र वास असेल तर लगेच बाहेर या आणि तो डबा विसरा. मग वाकून डब्याखालचे आडवे चॅनल (जमिनीला आधार देणारे लोखंडी बार) बघा, रंगाखाली फुगवटे असतील तर नखाने खरवडा, पापुद्रे सुटले तर आत गंज खोल गेलाय.

कागदांचं मात्र हलक्यात घेऊ नका. परदेशी कंटेनर सहा महिन्यांत परत पाठवायच्या अटीवर ड्युटी न भरता देशात येतात, म्हणून विकायला काढलेल्या डब्याची कस्टम ड्युटी भरलीय याचा कागद आणि पक्कं जीएसटी बिल मागा, आणि बिलावरचा नंबर (चार अक्षरं आणि सात आकडे) दारावरच्या नंबरशी जुळवून बघा. जागेसाठी परवानगी लागते का ते तुमचा प्लॉट कोणाच्या हद्दीत आहे त्यावर, महापालिका, सिडको, नैना (विमानतळाभोवतीचं नियोजन क्षेत्र) की ग्रामपंचायत, तिथे आधी जाऊन विचारा, खाडीजवळ असाल तर सीआरझेडचंही (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) बघावं लागतं. डबा आणून ठेवला आणि मग नोटीस आली तर तो उचलायचा खर्च पुन्हा तुमचाच.

वीस फुटी डब्याची आतली रुंदी साधारण सात फूट आठ इंच आणि उंची सात फूट दहा इंच. दोन्ही भिंतींना इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) आणि बोर्ड लागला की सात फुटाच्या आसपास उरतं, आणि छतही खाली येतं, म्हणून सीलिंग फॅनचा विचार सोडा, भिंतीवरचा फॅन घ्या. उंची जास्त हवी असेल तर हाय क्यूब म्हणून बाहेरून साडेनऊ फूट उंच डबा येतो, पण तो जास्त करून चाळीस फुटीत मिळतो आणि चाळीस फुटी ट्रेलर गावातल्या वळणावर वळत नाही. आमच्याकडे वीस फुटीच्या वेळीसुद्धा मामा आदल्या दिवशी बांबू घेऊन रस्त्यावरच्या वायरींची उंची मोजत फिरत होते. रिकामा डबा सव्वादोन टनाच्या आसपास असतो, हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) आरामात उचलते, फक्त तिला उभं राहायला कडक जमीन पाहिजे, म्हणून हे काम पावसाच्या आधी उरकायचं.

डबा जमिनीवर टेकवायचा नाही. त्याचं सगळं वजन चार कोपऱ्यांवर येतं, म्हणून चार कोपऱ्यांखाली आरसीसीचे चौथरे करा, दीड फूट तरी उंच, म्हणजे पावसाचं पाणी खालून निघून जाईल, हवा खेळेल, आणि पुढे खाली शिरून रंग मारता येईल. चारही चौथरे एका लेव्हलला हवेत, जरा खाली-वर झाले की डबा पिळतो आणि दारं घासायला लागतात. लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवता आल्या तर बघा, मोठी खिडकी उत्तरेला, दिवसभर उजेड मिळतो आणि स्क्रीनवर ऊन येत नाही.

आता कामाचा क्रम, आणि हा क्रम मोडू नका. आधी सगळं कटिंग आणि वेल्डिंग, मग गंज काढून रंग, मग लाकडी पट्ट्यांची फ्रेम आणि वायरिंगचे पाइप, मग पफचा (इन्सुलेशनच्या पीयू फोमचा) फवारा, मग बोर्ड. पफ मारल्यावर पत्र्यावर वेल्डिंगची एक ठिणगीही नको, पफ पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. एसीचं ब्रॅकेट, बाहेरच्या पत्र्याच्या शेडचे पाय, नावाची पाटी, जे काही वेल्ड करायचंय ते सगळं आधी आठवून कागदावर लिहून काढा.

खिडक्या-दारं कापताना लक्षात ठेवा की नागमोडी पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा असतो पण त्याच्या घड्यांमुळेच भिंतीला ताकद असते, ती कापली की ताकद गेली. म्हणून एक खिडकी कापली की लगेच तिला बॉक्स पाइपची चौकट वेल्ड करून घ्यायची, मग दुसरी कापायची. प्रत्येक खिडकीवर सहा-आठ इंचाचा पत्र्याचा छज्जा बाहेर उताराने काढा, नुसत्या सिलिकॉनवर विसंबू नका, आपला पाऊस आडवा येतो. मूळ मोठ्या दारांवरही विसंबू नका, बाजूच्या भिंतीत आतून उघडणारं साधं दार काढा आणि एक खिडकी तरी माणूस बाहेर पडेल एवढी मोठी आणि गजाशिवाय ठेवा. वेल्डिंगच्या जागा सगळ्यात आधी गंजतात, तिथे ग्राइंडर फिरवून त्याच दिवशी झिंक प्रायमर मारून घ्या, उद्यावर टाकलं तर खाऱ्या हवेत सकाळी तांबूस झालेलं दिसतं.

इन्सुलेशनवर मी जरा जास्त बोलणार, कारण माझं इथेच चुकलं. पहिल्या वर्षी पैसे वाचवायला छताला ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरलं आणि खालून जिप्सम लावलं. पावसाळा ठीक गेला. डिसेंबरमध्ये एक दिवस सकाळी सातला ऑफिस उघडलं तर कीबोर्डवर पाणी, छतावर चहा सांडल्यासारखा डाग. पाऊस तर नव्हताच. बोर्ड उघडला तर ग्लासवूल भिजून गोधडीसारखं जड झालेलं. होतं असं की रात्री छताचा पत्रा थंड पडतो, आतली दमट हवा ग्लासवूलमधून आणि फटींतून त्याच्यापर्यंत जाते आणि तिथे पाणी होऊन टपकते. म्हणून पत्रा आणि इन्सुलेशन यांच्यात हवेला जागाच राहता कामा नये, आणि त्यासाठी फवाऱ्याचा क्लोज्ड सेल (बंद बुडबुड्यांचा) पफ चांगला, तो पत्र्याच्या घड्यांना चिकटून बसतो. छताला आणि उन्हाच्या भिंतींना दोन इंच तरी घ्या. फ्रेम लोखंडी केलीत तर तिच्यातूनच उष्णता आत येते, म्हणून लाकडी पट्ट्या. आणि पफ कधीच उघडा ठेवू नका, वरून सिमेंट बोर्ड किंवा जिप्सम बोर्ड हवाच, आगीच्या दृष्टीने.

एवढं करूनही मे महिन्यात डबा तापायचा. मामा एक दिवस दुपारी आले, छताला हात लावून झटकन मागे घेतला आणि म्हणाले, "अगं पोरी, आत कितीही भर, वर ऊन पडतंय तोवर हा तवाच राहणार. पत्र्याची शेड घाल वरून." घातली, डब्यापासून फूट-दीड फूट वर, मधून वारा वाहता, चारी बाजूंना दोन-दोन फूट बाहेर काढलेली. फरक त्याच आठवड्यात कळला, एसी आता मधेमधे आपोआप थांबतो, आधी अखंड चालायचा. पावसाचा ताशासारखा आवाजही आत कमी येतो आणि भिंतीही भिजत नाहीत. बजेट कमी असेल तर फर्निचर जुनं घ्या पण ही शेड सोडू नका.

लाइटचं काम लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच. अख्खा डबा लोखंडाचा आहे, एक वायर सोलली गेली तर सगळ्या भिंतींत करंट उतरेल. डब्याच्या बॉडीला वेगळं अर्थिंग, ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच), आणि वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग), या तीन गोष्टी स्वतः उभं राहून बघून घ्या. एवढ्या जागेला एक टनाचा एसी पुरतो. पण दारं-खिडक्या बंद करून एसीत बसलं की डबा हवाबंद होतो, दुपारी डोकं जड व्हायला लागतं, म्हणून एका टोकाला छोटा एक्झॉस्ट आणि दुसऱ्या टोकाला खालच्या बाजूला जाळी लावलेलं भोक ठेवा. जाळी बारीक घ्या, आपल्याकडचे डास सोडत नाहीत.

जमिनीचा मूळ प्लायवूड किड्यांपासून वाचवायला औषध मारलेला असतो, दारावरच्या पाटीवर बहुतेक त्याचं नाव असतं. त्यावर दिवसभर अनवाणी बसायचं नाही. नीट धुऊन, पूर्ण वाळवून, एपॉक्सीचे दोन कोट मारून वर व्हिनाइल टाकलं की झालं.

टेबल लांब भिंतीला लावा, आडवं नको, नाहीतर मागून जायला जागा राहत नाही. दोन फूट खोल टेबल, मागे खुर्ची सरकवायला तीन-साडेतीन फूट, उरलेल्या भिंतीला उथळ रॅक. दाराशी आग विझवायचा सिलिंडर.

आणि दरवर्षी मे महिन्यात एक रविवार राखून ठेवा, वाकून खालचे चॅनल, खिडक्यांचे कोपरे, चौथऱ्यांजवळचा भाग बघा, तांबूस दिसेल तिथे वायर ब्रश, प्रायमर, रंग, आणि शेडवरचा पालापाचोळा झाडून घ्या. मी आणि मामा सकाळी आठला सुरू करतो, जेवायच्या वेळेपर्यंत होतं.