त्साओ श्वेछिन कधी वारला? प्रबंधातला एक आकडा

त्साओ श्वेछिन या चिनी कादंबरीकारावर काम करायला घेताय? मग त्याची कादंबरी 'लाल महालातलं स्वप्न' वाचून झालीय असं धरतो. (पुण्याचा लाल महाल नव्हे.)

माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर होतं: मृत्यू १७६२. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारलं, "महिना कोणता?" माझी बोबडीच वळली.

घोळ असा. हस्तलिखितावर चिह-येन-चाय या टोपणनावाच्या टीकाकाराचा शेरा आहे: रेन-वू वर्षाच्या शेवटच्या रात्री, पुस्तक अपुरं टाकून त्साओ गेला. रेन-वू म्हणजे आपल्या साठ संवत्सरांसारख्या चक्रातलं एक नाव. कोष्टकात त्यापुढे १७६२ होतं, तेच मी उचललं. पण चिनी वर्ष संपतं जानेवारी-फेब्रुवारीत! ती रात्र १२ फेब्रुवारी १७६३ ची. शकात ७८ मिळवायचे, माघ-फाल्गुनात ७९, हे मला पाठ होतं. तरी आपटलो.

शिवाय त्याचा मित्र तुन मिन याची त्याला बोलावणारी एक कविता आहे. संग्रहातल्या क्रमावरून ती पुढच्या वर्षीच्या वसंतातली मानतात. मेलेल्याला आमंत्रण कोण धाडेल? म्हणून काही अभ्यासक मृत्यू त्या पुढच्या वर्षाच्या शेवटच्या रात्रीवर, म्हणजे १ फेब्रुवारी १७६४ ला नेतात. '१७६३ किंवा १७६४' लिहा, दोन्ही आधार द्या. १७६२ कोणाचंच नाही.

आमच्या सरांनी ते प्रकरण न वाचताच सही केली होती. पटकन सही देणारा गाईड मिळाला म्हणून पेढे वाटू नका.

बाकीचं आयुष्य त्यामानाने सरळ आहे. आजोबा त्साओ यिन नानजिंगला शाही रेशीम कारखान्यांचे अधिकारी. खांगशी सम्राट चारदा त्यांच्याकडे उतरला. पुढचा सम्राट युंगचंगच्या काळात घरावर जप्ती आली, कुटुंब पेचिंगला (बीजिंगला) गेलं. मात्र कादंबरीतलं घर म्हणजे त्याचंच घर, असं धरून चरित्र रचू नका. आणि शेवटची ४० प्रकरणं तर बाजूलाच ठेवा: जुनी हस्तलिखितं ८० वर थांबतात, १२० ची छापील आवृत्ती १७९१ ची, म्हणजे तो गेल्यावरची.

चिनी झेपत नाही म्हणून रडू नका. तुन मिनचा भाऊ तुन चंग लिहितो की त्साओच्या घरी सगळे पेजेवर, दारू कायम उधारीची. ती ओळ लावायला मला तीन दिवस लागले. सात अक्षरं आहेत.